सुदानसाठी चर्चमधून नेमकं काय करायचं
"जगात शांती नांदो" एवढंच म्हणून मोकळे होऊ नका, नावं घेऊन प्रार्थना करा, सुदानमधली एल फाशर, खार्तूम ही शहरं, निर्वासित जिथे पोचलेत ते शेजारच्या चाडमधलं आद्रे. १५ एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांशी लढतायत, कोटीच्या वर लोक घरदार सोडून पळालेत. बहुतेक मुस्लिम आहेत, पण येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने तरी जखमीला मदत करताना कुठे जात विचारली होती? पैसे द्यायचे तर फॉरवर्ड आलेल्या क्यूआर कोडवर अजिबात नको, यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) सारख्या संस्थेच्या साईटवर स्वतः जाऊन द्या, पावती घ्या. जुने कपडे वगैरे गोळा करणं सोडाच. तिथलेच तरुण इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स नावाचे स्वयंसेवकांचे मदत गट चालवून गल्लीत मोठ्या पातेल्यात ज्वारी, डाळ शिजवून वाटतात, उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा यूथ मीटिंगमध्ये त्यांच्याबद्दल सांगा, आणि मृतदेहांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका प्लीज.