शाळांसाठी लॅपटॉप खरेदी करताना या चुका टाळा

सरकारी पैशातून घेतलेला लॅपटॉप पाचव्या वर्षीही मुलांच्या हातात चालू असला पाहिजे. निविदा लिहायला बसताना हा निकष समोर ठेवला, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. गोव्यात खरेदी कधी शिक्षण खाते करते, कधी ती केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून होते, कधी अनुदानित शाळेचे व्यवस्थापन करते. मार्ग वेगवेगळे असले तरी चुका त्याच होतात, आणि त्यातल्या बहुतेक माल येण्याआधी, कागदावरच झालेल्या असतात.

तांत्रिक तपशील अर्धवट लिहिणे

‘आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम’ एवढ्यावर निविदा काढली की कमीत कमी दराच्या स्पर्धेत जुना माल पुढे येतो. २०१७ पूर्वीच्या लॅपटॉपमधल्या बहुतेक आय-५ ना दोनच कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे गाभे) असत. २०२२ च्या आय-५ १२३५यू ला दहा आहेत. नाव एकच, काम मात्र कितीतरी वेगळे. शिवाय एका कंपनीच्या प्रोसेसरचे नाव घातले की दुसरी कंपनी बाहेर पडते आणि हरकती सुरू होतात. सरकारी खरेदीच्या नियमांनाही सर्वसामान्य, ब्रँडविरहित वर्णनच हवे असते. म्हणून किमान कोअर किती, प्रोसेसर बाजारात येऊन जास्तीत जास्त किती वर्षे झालेली चालतील आणि वेग मोजणाऱ्या कोणत्या चाचणीत किमान किती गुण हवेत, हे तिन्ही लिहा. ‘किंवा समतुल्य’ हे शब्द मोजमापाशिवाय कधीही सोडू नका.

दुसरी ठेच साठवणुकीची. ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त साठवण चिप) असलेले स्वस्त मॉडेल विंडोज ११ ची किमान अट पूर्ण करते, पण दोन-तीन मोठ्या अपडेटमध्ये ते भरून जाते. ईएमएमसी मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, त्यामुळे ती बिघडली की अख्खा बोर्ड बदलावा लागतो. किमान २५६ जीबीची, स्क्रू काढून बदलता येणारी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण) मागा. रॅम ८ जीबी हवीच, आणि पुढे वाढवण्यासाठी एक स्लॉट रिकामा हवा. बॅटरी ‘किती तास चालते’ असे विचारू नका. उत्तर जाहिरातीतले येते. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा साठते ते, विचारा. वर्गातल्या साध्या कामाला लॅपटॉप ८ ते १० वॉट खातो, म्हणजे ४५ वॉट-अवरची बॅटरी साडेचार ते साडेपाच तास पुरते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या निविदेची नक्कल करताना तो उल्लेख तसाच राहून जातो, तेवढे पाहा. ऑफिस सॉफ्टवेअर चाचणीपुरते आहे की कायमचे, हेही स्पष्ट लिहून घ्या. मराठी-कोकणीसाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींचा प्रमाणित) कळफलक आधीच सुरू करून द्यायची अट घाला, नाहीतर जुन्या फाँटातल्या प्रश्नपत्रिका नव्या यंत्रावर अगम्य चिन्हे होऊन उघडतात.

वॉरंटीचा हिशोब न करणे

लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी आणि बॅटरीला एकाच वर्षाची, हा प्रकार सर्रास आढळतो. बॅटरी आणि चार्जर यांनाही तेवढीच वॉरंटी हवी असे वेगळ्या वाक्यात लिहा. वॉरंटी कधी सुरू होते हेही ठरवून घ्या. कंपनीच्या नोंदीत ती माल कारखान्यातून किंवा गोदामातून निघाल्यापासून मोजलेली असू शकते, आणि मार्चअखेरच्या घाईत घेतलेले लॅपटॉप खोक्यातच दोन-तीन महिने पडले तर तेवढी वॉरंटी फुकट जाते. ‘स्वीकृतीच्या तारखेपासून’ हे शब्द हवेत.

सेवा केंद्र पणजी किंवा मडगावला असेल, तर काणकोण, सांगे, सत्तरीतल्या शिक्षकाने लॅपटॉप घेऊन जायचे तरी कधी? म्हणून दुरुस्ती शाळेतच आणि ठरलेल्या कामाच्या दिवसांत व्हावी, उशिराला दंड असावा. शंभर लॅपटॉपमागे दोन जादा पुरवठादाराकडून तालुक्यात ठेवून घेतले, तर दुरुस्ती चालू असताना वर्ग थांबत नाही. कामगिरी हमीची (पुरवठादाराने ठेवलेली अनामत किंवा बँक हमी) मुदत वॉरंटीसकट सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी ६० दिवस असावी. ती आधीच परत दिली तर पुरवठादाराला फोन उचलायचे कारण उरत नाही.

खोके मोजून सही करणे

जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवर माल मिळाल्याची तात्पुरती पावती ४८ तासांत आणि अंतिम स्वीकृती १० दिवसांत अपेक्षित असते. हे दहा दिवस तपासणीसाठीच आहेत. प्रत्येक यंत्राचा सिरियल नंबर खोक्यावर, तळाला आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारे यंत्राचे मूळ सॉफ्टवेअर) एकच आहे का पाहा. तोच कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख ताडून घ्या. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात रॅम आणि वापरलेले स्लॉट दिसतात. विंडोजचा बॅटरी अहवाल काढा: नव्या यंत्रात चार्जिंगची आवर्तने नगण्य हवीत आणि पूर्ण चार्जची क्षमता मूळ क्षमतेच्या जवळ हवी. फरक मोठा असेल तर माल वापरलेला किंवा फार दिवस पडून राहिलेला आहे. लॅपटॉप आणि चार्जर या दोन्हींवर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा क्रमांक असला पाहिजे. चार्जरवरचा नंबर बघायचे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. काही खटकले तर स्वीकृती देण्याआधी पोर्टलवर लेखी नोंदवा. तोंडी सांगितलेले नंतर कोणी मानत नाही.

वीज आणि पावसाळा विसरणे

६५ वॉटचे ३० चार्जर एकदम लावले तर भार १,९५० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला साडेआठ अँपिअरच्या आसपास. ६ अँपिअरच्या सॉकेटला मल्टिप्लग, त्याला आणखी एक मल्टिप्लग अशी साखळी जोडली की एमसीबी (जादा भार आल्यावर वीज तोडणारा स्विच) पडते, किंवा न पडता वायर तापते, आणि हे जास्त वाईट. १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग यांचा खर्च लॅपटॉपच्या अंदाजपत्रकातच धरा. ते होईपर्यंत पंधरा-पंधराच्या दोन फेऱ्यांत चार्ज करा. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात चार्जर काढायचाच, लॅनची वायरही काढायची. वीज तिच्यातूनही आत येते.

जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट आतून ओले होते. पोर्ट गंजतात, पडद्याच्या कडेला बुरशी धरते. कपाट आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलला की गरम करून परत वापरा. सर्वांत चांगला उपाय म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी यंत्रे वापरणे, कारण स्वतःच्या उष्णतेने ती सुकतात. हरवले-फुटले तर आपल्या अंगावर येईल या भीतीने मुख्याध्यापक लॅपटॉप कुलपात ठेवतात. ही भीती खरी आहे. डेड स्टॉक रजिस्टरबरोबर (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) वर्गनिहाय वापराची नोंदवही आणि अपघाती नुकसानीचा विमा असेल तरच ती कमी होते. चतुर्थीच्या किंवा मेच्या सुट्टीआधी बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून यंत्र बंद करा.

खाते शिक्षकाच्या नावावर उघडणे

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिला प्रवेश केला की डिस्क सहसा आपोआप एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाते. शिक्षकाची बदली होते. वर्षभराने बायोस अपडेट किंवा मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र ती रिकव्हरी की मागते, आणि ती कोणाकडेच नसते. डेटा मग परत मिळत नाही. पहिला प्रवेश शाळेच्या खात्यानेच करा, रिकव्हरी की छापून सिरियल नंबरसह कुलपात ठेवा. पुरवठादाराने बायोसला पासवर्ड घातला असेल तर तोही स्वीकृतीआधी लेखी घ्या.

तक्रार नोंदवण्याआधी

सुट्टीनंतर यंत्र चालूच होत नसेल, तर चार्जर काढून पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून अर्धा तास थांबा; पूर्ण उतरलेली बॅटरी बहुधा जागी होते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबत असेल तर तो बिघाड नसतो, बॅटरी टिकवण्यासाठी ठेवलेली मर्यादा असते. टचपॅड वर उचललेला दिसला तर मात्र बॅटरी फुगली आहे. दाबू नका, चार्ज करू नका, यंत्र लगेच मुलांपासून दूर ठेवा. वॉरंटीत असेल तर लेखी तक्रार द्या. नसेल तर २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती बॅटरी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवी. भंगारवाल्याला देऊ नका आणि पोचपावती डेड स्टॉक रजिस्टरला जोडा.