अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी पॅरा खेळ: ग्वाल्हेरात सुरुवात कुठून करावी, पैसा कसा उभारावा

पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, ५० टक्के अपंगत्व लिहिलंय म्हणजे पॅरा खेळात नाव लागलंच, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. आधी तो कागद नीट वाचा. लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने २० टक्के दिले असले तरी पेन्शनसाठी ते ५० धरले जातात, ५० ते ७५ मधले ७५ होतात आणि ७६ च्या पुढचे १००. ही पेन्शनच्या हिशेबातली सवलत आहे, शरीराचं माप नव्हे.

दुसरं माप यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं. ते नागरी वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असाल तरच बहुतेक सरकारी योजनांचं दार उघडतं. तिसरं माप खेळातल्या वर्गीकरणाचं; तिथे टक्केवारीचा प्रश्नच येत नाही. कोणता अवयव, कोणत्या पातळीवर, किती निकामी, एवढंच पाहतात. ही तीन मापं एकमेकांना बांधलेली नाहीत. एकात भरपूर मिळालं म्हणून दुसऱ्यात मिळेलच असं नाही, आणि भांडूनही उपयोग होत नाही.

म्हणून खुर्ची, साहित्य, अनुदान यांच्या मागे लागण्याआधी आपण कोणत्या वर्गात बसतो हे ताडून घ्या. पाठीची चकती सरकणं, रक्तदाब, मधुमेह, मानसिक आघात यांवर पेन्शन मिळते, पण एवढ्यावर पॅरालिम्पिक वर्ग मिळत नाही. चकतीमुळे मज्जारज्जू दबून पायाची ताकद गेली असेल तर गोष्ट वेगळी, पण ती ताकद तपासणीत मोजून दिसायला हवी. पायाचं बोट गेलं एवढ्याने भागत नाही. एक पाय आखूड असेल तर ॲथलेटिक्समध्ये फरक किमान ७ सेंटिमीटर लागतो. तोफखान्यात कान गेलेल्यांनी पॅरालिम्पिकचा नाद सोडून बधिरांच्या खेळांकडे वळावं. तिथे चांगल्या कानातली श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असावी लागते.

कागद गोळा करताना

पहिला कागद रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे नोकरी सुटतानाच्या वैद्यकीय मंडळाचा. आपली प्रत हरवली असेल तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला आर्मी नंबर, हुद्दा, डिस्चार्जची तारीख आणि पीपीओची झेरॉक्स जोडून अर्ज करा. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा हे काम सगळ्यात आधी. सोबत हॉस्पिटलचा डिस्चार्ज सारांश, पाय कापलेला असेल तर उरलेल्या भागाचा एक्स-रे, मणक्याची इजा असेल तर एमआरआय आणि स्नायूंच्या ताकदीची नोंद. वर्गीकरण करणारे तुम्हाला बाकावर झोपवून स्वतः तपासतात, पण हातात कागद नसला तर ‘कारण सिद्ध झालं नाही’ म्हणून परत पाठवू शकतात.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि मंडळासमोर हजर व्हायचं. मुरारच्या जिल्हा रुग्णालयात जाण्याआधी मंडळ कोणत्या वारी बसतं हे विचारून घ्या. एरवी शहराच्या लष्कर भागातून मुरारपर्यंतची फेरी फुकट जाते. राज्य सरकारच्या योजनांसाठी समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेशचा रहिवासी ओळख क्रमांकही लागतो, आणि बाहेरच्या राज्यात नोकरी करून परतलेल्यांचं तेच बहुधा राहून गेलेलं असतं.

इथे सगळ्यात जास्त अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. डिस्चार्ज बुकात ‘सिंधे’, आधारवर ‘शिंदे’, बँकेत फक्त आद्याक्षरं. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे हटकून होतं, कारण भरतीच्या वेळी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. पोर्टल असले अर्ज माणसाला न विचारताच बाजूला काढतं. आधी नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एक करून घ्या, अर्ज मग.

कोणता खेळ

ग्वाल्हेरची एक बाजू भक्कम आहे. २०२३ मध्ये सुरू झालेलं अटल बिहारी दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्र इथेच आहे, शिवाय १९५७ पासूनची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था. पॅरा कनूइंगची प्राची यादव याच शहरातली. केंद्रावर जाताना यूडीआयडी आणि वैद्यकीय कागद घेऊनच जा. जे अजून नोकरीत आहेत आणि लो मेडिकल कॅटेगरीत (वैद्यकीयदृष्ट्या खालच्या श्रेणीत) गेलेत, त्यांनी युनिटमार्फत पुण्याजवळच्या खडकीतल्या आर्मी पॅरालिम्पिक नोडचा, म्हणजे लष्कराच्या पॅरा खेळ केंद्राचा रस्ता धरावा.

चाळिशी ओलांडलेल्या, पाय गमावलेल्या किंवा कमरेखाली लुळेपणा असलेल्या माणसाला आमची शिफारस बसून गोळाफेकीची. सुरुंगात पाय गमावलेले होकातो सेमा यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ५७ या बसून फेकणाऱ्यांच्या वर्गात कांस्य मिळवलं ते याच प्रकारात. पुरुषांना गोळा ४ किलोचा, भाला ६०० ग्रॅमचा, थाळी १ किलोची. खर्चाचं साहित्य एकच, ती म्हणजे बसण्याची लोखंडी चौकट, आणि ती चांगल्या वेल्डरकडून गावातच होते.

चौकटीचे नियम मात्र काटेकोर आहेत. गादीसकट उंची ७५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. आम्ही ७३ वर थांबायला सांगतो, कारण रंग, रबरी बूट आणि नवी गादी मिळून दोन सेंटिमीटर कधी वाढतात कळत नाही. बैठक चौकोनी, प्रत्येक बाजू किमान ३० सेंटिमीटर, सपाट किंवा मागे उतरती. पुढे झुकलेली चालत नाही. हाताने धरायचा उभा दांडा एकसंध आणि सरळ, गोल किंवा चौरस पाइपचा. त्यात स्प्रिंग नको, सांधा नको. मांड्या बांधायचे पट्टे न ताणणारे हवेत. वेल्डर कौतुकाने लवचिक पट्टा लावून देतो आणि स्पर्धेच्या तपासणीत चौकट बाद होते.

चौकट जमिनीला चार कोपऱ्यांतून कसून बांधायची. फेकताना वळण्याच्या जोराने एखादा कोपरा उचलला जातो, म्हणून चारही पट्टे ताणून घ्या. पावसाळ्यात काळ्या मातीत खुंटी धरत नाही; काँक्रीटमध्ये पक्के हुक बसवून घेतलेलेच बरे. वेल्ड पहिल्यांदा तुटतं ते पाय टेकवायच्या पट्टीपाशी, तेव्हा तिथे त्रिकोणी आधारपट्टी मारून घ्या. आणि फेकताना बूड उचललं की फाऊल.

मणक्याची इजा असलेल्यांना दोन धोके खरे आहेत. कमरेखाली जाणीव नसली की बेडसोर पडल्याचं कळत नाही. अर्ध्या तासाला हातांवर उचलून बूड मोकळं करा आणि रोज रात्री आरशात कातडी पाहा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर सराव बंद. दुसरं म्हणजे इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या आसपास जातो. सराव सकाळी सातच्या आत उरका, सोबत ओला पंचा आणि पाणी फवारायची बाटली ठेवा. ही हौसेची गोष्ट नाही, जीवाशी गाठ आहे.

पैसा

रोजच्या वापराच्या साधनांचा आणि खेळाच्या साधनांचा पैसा वेगवेगळ्या खिशांतून येतो, ही गाठ मनाशी बांधा. कृत्रिम पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून किंवा ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या वाटेने. नोकरी सुटल्यावर अपघाताने अपंगत्व आलं असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाची मोबिलिटी साधनांची मदत आहे. ऑनलाइन अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जातो. उत्पन्न कमी असेल तर ॲडिप योजनेतून खुर्ची किंवा तिचाकी मिळते. यातल्या कुठल्याच अर्जात ‘गोळाफेकीची चौकट’ लिहू नका. मागणी बसत नाही आणि फाइल पडून राहते.

राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या, हलाखीतल्या खेळाडूंसाठी क्रीडा मंत्रालयाचा पंडित दीनदयाळ उपाध्याय कल्याण निधी आहे. सुरुवात करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला खरा आधार सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांना समाजकार्यावर खर्चावा लागणाऱ्या पैशाचा.

कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिकांचं कल्याण सहाव्या कलमात आहे, पॅरालिम्पिक खेळांचं प्रशिक्षण सातव्या कलमात. तुमचा प्रस्ताव दोन्हींत बसतो. तसं पहिल्याच परिच्छेदात लिहा, म्हणजे कंपनीच्या माणसाला शोधावं लागत नाही. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, तेव्हा मालनपूर आणि बामोरचे कारखाने आधी गाठा, दिल्ली-मुंबईची मुख्यालयं नंतर.

एकट्या माणसाने वैयक्तिक अर्ज केला की तो बहुधा तिथेच संपतो. मध्ये संस्था हवी. तिची आयकर कायद्याखालची १२एबी आणि ८०जी नोंदणी झालेली असावी आणि सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक मिळालेला असावा. कामाची तीन वर्षांची पार्श्वभूमीही पाहतात. नवी संस्था काढण्यात वर्षं घालवण्यापेक्षा शहरातल्या नोंदलेल्या जुन्या संस्थेशी लेखी करार करणं शहाणपणाचं. चौकट, खुर्च्या वगैरे सामान संस्थेच्या नावावरच राहतं. सेक्रेटरीच्या नावाचं बिल लेखापरीक्षणात अडकतं.

प्रस्ताव दोन पानांचा पुरे. किती माजी सैनिक, कोणत्या वर्गाचे, कोणतं सामान, प्रत्येकाची तीन कोटेशनं, सराव कुठे, जागेची लेखी परवानगी. रिक्षाभाडं आणि फिजिओथेरपिस्टचं मानधन लिहायला विसरू नका. सामान येतं आणि माणूस मैदानापर्यंत पोचतच नाही, असं सर्रास होतं. कंपन्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुढच्या वर्षाचा आराखडा त्याच सुमारास ठरतो. जानेवारी-फेब्रुवारीत गेलेल्या कागदाला आराखड्यात जागा मिळते. ऑगस्टमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी या’ हेच उत्तर.