कुंडीतल्या भेंडीवरील पांढरी माशी
भेंडीचे रोप हलवताच राखेच्या कणांसारखे पांढरे कीटक उडून पुन्हा पानांखाली बसत असतील, तर ती पांढरी माशी होय. ती रस शोषतेच, पण त्याहून वाईट म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा रोग पसरवते. त्यावर औषध नाही, म्हणून असे रोप मन घट्ट करून उपटूनच टाकावे. उरलेल्या रोपांसाठी १ लिटर कोमट पाण्यात थोडा सौम्य द्रवसाबण व ५ मिलि कडुनिंबाचे तेल ढवळून, ऊन उतरल्यावर पाने उलटी करून फवारावे, कारण पिल्ले खालच्या बाजूलाच चिकटलेली असतात. अंडी बहुधा वाचतात, त्यामुळे ५ ते ७ दिवसांच्या अंतराने किमान तीनदा फवारणी करावी. एरंडेल माखलेला पिवळा पुठ्ठा शेंड्याजवळ टांगल्यास उडत्या माश्या त्यावर अडकतात.