मध्यंतरातलं परीक्षण: सुपरहिरो कॉमिकच्या एका अंकावर कसं लिहावं

बालगंधर्वला मध्यंतरात बटाटावडा खाता खाता लोक पहिल्या अंकाचा निकाल लावून मोकळे होतात. ‘काम छान करतेय ती, पण नाटक पुढे सरकत नाहीये.’ शेवट कुणालाच ठाऊक नसतो, तरी मत तयार असतं आणि पुष्कळदा ते बरोबरही निघतं. चालू मालिकेतल्या सुपरहिरो कॉमिकच्या एका अंकाचं परीक्षण हे असंच मध्यंतरातलं काम आहे. मागे कितीतरी अंक होऊन गेलेले, पुढचा महिन्याभराने येणार. बोलायचं ते समोरच्या वीस-बावीस पानांबद्दल. नायकाबद्दल नाही, त्याच्या सिनेमांबद्दल तर नाहीच.

पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करा. पुण्यातल्या दुकानांत दिसतात ते बहुधा पाच-सहा अंक एकत्र बांधलेले खंड. सुटा ताजा अंक आपण बरेचदा टॅबवरच वाचतो. तिथे एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, ती बंद ठेवा. छापील अंकात धक्कादायक दृश्य शक्यतो डाव्या पानावर ठेवतात, म्हणजे पान उलटल्याशिवाय ते दिसत नाही. चौकटी सुट्या सुट्या पाहिल्या की हा सगळा डाव हातातून जातो.

दुसऱ्या वाचनाला वही घ्या. पानांचे आकडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे एकच ओळ: या पानात काय बदललं? नायकाला काही कळलं, कुणी खोटं बोललं, इमारत पडली, काहीही. सलग चार पानांपुढे ‘मारामारी चालू’ एवढंच लिहावं लागलं, तर परीक्षणाचा मुद्दा तिथेच सापडला. मारामारी असायलाच हवी, हरकत तिला नाही. ती संपल्यावर माणसं होती तिथेच आहेत का, एवढं बघायचं.

आता चित्रं. मराठीत कॉमिकवर जे लिहिलं जातं, त्यात कथानकाला पाच परिच्छेद आणि शेवटी ‘चित्रंही सुंदर’. हे म्हणजे गाण्याच्या मैफलीचा वृत्तांत फक्त बंदिशीच्या शब्दांवर लिहिण्यासारखं झालं. श्रेयनामावली वाचा: लेखक, पेन्सिलने रेखाटणारा, त्यावर शाई फिरवणारा, रंग भरणारा, संवादाच्या फुग्यांतली आणि आवाजांची अक्षरं काढणारा. ही निरनिराळी माणसं असू शकतात. मग अंकातलं एकच पान निवडा आणि ते न पाहिलेल्या माणसाला दिसेल असं वर्णन करा. चौकटी किती, सगळ्यात मोठी कुठली, नजर आधी कुठे जाते, रंग कुठे बदलतो.

अक्षरं काढणाऱ्याला कमी लेखू नका. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१ वा अंक घ्या, मुखपृष्ठावर जून १९७३. लेखन गेरी कॉनवे, रेखाटन गिल केन. पुलावरून खाली पडणाऱ्या ग्वेनला, म्हणजे आपल्या प्रेयसीला, स्पायडर-मॅन जाळं फेकून झेलतो आणि तिच्या मानेजवळ इवलीशी अक्षरं उमटतात: ‘स्नॅप’, काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज. तिला मारलं कुणी, पडण्याने की वाचवणाऱ्याच्याच जाळ्याने, यावर वाचक कित्येक वर्षं भांडले ते त्या एका शब्दामुळे. आणि त्या कथेचं शीर्षक छापलंय कुठे? शेवटच्या पानावर, कारण ग्वेनचा मृत्यू शीर्षकातच आहे; पहिल्यावर छापलं असतं तर सगळंच फुटलं असतं. अंक वाचताना असं काही हाती लागतंय का, ते शोधायचं.

पूर्वकथा दोन वाक्यांत संपवा. तिसरं वाक्य लागलं तर ते अंकाचंच अपयश असू शकतं, आणि मग तसं लिहा. नवखा वाचक थेट इथून सुरुवात करू शकेल का? कळत नसेल तर अंक घरातल्या एखाद्या भाचरासमोर ठेवा. ते कुठल्या पानावर ‘हा कोण?’ विचारतं, ते टिपून घ्या.

शब्दांना अडखळू नका. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (म्हणजे फँटम) मराठीतून वाचलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. चौकट, फुगा, पानभर चित्र हे शब्द पुरतात. ‘पॅनेल’ही चालेल, पण दर वाक्याला नको.

रहस्यफोडीचा नियम सोपा: पहिल्या दोन-तीन पानांत घडतं ते बिनधास्त सांगा, शेवटचं पान मात्र सांगू नका. ‘शेवटचा धक्का जमला’ किंवा ‘ओढूनताणून आणला’ इतकं म्हणता येतं. अगदीच सांगावं लागलं तर आधी स्पष्ट इशारा द्या. पुणेरी पाटी लावलीत तरी चालेल.

अंक ‘क्रमशः’ आहे हे मात्र विसरू नका. अर्धवट सोडलेला धागा लगेच चूक ठरत नाही. एका मालिकेतल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला मी ‘निव्वळ भरताड’ म्हणून निकालात काढलं होतं. तीन अंकांनी सगळं कथानक त्याच्याच किल्लीवर उघडलं. तेव्हापासून परीक्षणाच्या शेवटी मी उघडे राहिलेले धागे आणि माझे अंदाज लिहून ठेवतो. पुढचा अंक आला की आधी ते वाचतो आणि अंदाज चुकला असेल तर नव्या परीक्षणाची सुरुवात तिथूनच करतो. म्हाताऱ्याची माफी मी अशीच मागितली, पहिल्याच ओळीत.