पेरॉक्साइड-अमाइनचा प्रयोग फसतोय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या आमच्या लॅबमध्ये पेरॉक्साइडनं अमाइनचं ऑक्सिडीकरण करताना एका विद्यार्थिनीचा ब्लँक (उत्प्रेरक न घातलेला, तुलनेसाठीचा नमुना) अर्ध्या तासात तपकिरी झाला. त्यात ॲनिलीन (आमचं अमाइन), हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी, एवढंच होतं. मोरचूद (कॉपर सल्फेट, आमचा उत्प्रेरक) अजून घातलंच नव्हतं. "सर, उत्प्रेरकाशिवायच होतंय की!" ती म्हणाली. उत्प्रेरक होता. डिस्टिल्ड वॉटर साठवायच्या टाकीच्या नळाला आतून गंज चढला होता.

घातलेला धातू मिलिग्रॅममध्ये तोलायचा आणि न घातलेल्याचा विचारच करायचा नाही, ही सगळ्यात मोठी चूक. लोखंडाचा फेरस आयन पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देतो, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिक्रियाशील कण सुटतो आणि अमाइनवर तुटून पडतो. मग पेरॉक्साइडच त्या आयनला पुन्हा फेरस करतं. एकेक आयन असे कितीतरी फेरे मारतो, म्हणून गंजाचा कणही पुरतो. हेन्री फेंटननं लोखंड-पेरॉक्साइडची ही जोडी १८९४ मध्येच दाखवली होती. काचसामान सौम्य नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवा, स्टीलचा स्पॅच्युला लांब ठेवा, काढलेलं पेरॉक्साइड बाटलीत परत ओतू नका. आम्ही हे केलं, नळ बदलला, आणि पुढचा ब्लँक संध्याकाळपर्यंत पाण्यासारखा राहिला. ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घातलं की काम झालं, असं मात्र समजू नका. त्यानं बांधलेलं लोखंडही पेरॉक्साइड फोडतं.

दुसरी गफलत पीएचची. हिराकस (फेरस सल्फेट) पीएच ३ च्या आसपास उत्तम चालतो, वर गेलात की तपकिरी गाळ बसतो. पण पीएच ४.६ च्या खाली ॲनिलीनचे निम्म्याहून जास्त रेणू प्रोटॉन घेऊन बसतात आणि नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी अडकते. मी अशा वेळी मोरचूद घेऊन ५ जवळ राहतो, ॲसिटेट बफरमध्ये. फॉस्फेट नको, तो धातूला गाळात ओढतो.

पेरॉक्साइडची तीव्रता लेबलवरून घेऊ नका. त्याच दिवशी परमँगनेटनं टायट्रेट करा, पण अमाइन घालण्याआधी. ॲनिलीन स्वतःच परमँगनेट खातं. मिश्रणात तांबं असेल तर आयोडाइडची (पेरॉक्साइडनं मोकळं केलेलं आयोडिन मोजायची) पद्धतही फसवते, कारण क्युप्रिक आयन आयोडिन मोकळं करतो आणि आकडा फुगतो.

आणि फ्लास्कला बूच घट्ट लावू नका. ३० टक्क्यांचं एक लिटर पेरॉक्साइड पूर्ण विघटित झालं तर सुमारे १०० लिटर ऑक्सिजन निघतो. बुडबुडे मंद दिसले तरी बूच सैलच असू द्या.