ओटाला युरिया: विळ्याआधी नको, विळ्यानंतर

सोयाबीन निघालं, कुटार भरून झालं, आणि विहिरीला पाणी आहे त्यांनी गोठ्यापुरता अर्धा-एक एकर ओट पेरला. डिसेंबरात मग एकच खेळ दिसतो. पीक जरा पिवळं दिसलं की पोतं फोडायचं, आठवड्यात काळंभोर हिरवं झालं की लगेच कापायचं. मीही एक वर्ष हेच केलं. म्हशीनं त्या हिरव्या चाऱ्यातून तोंड काढून बाजूचं कुटार ओढलं.

नत्र मुळांतून नायट्रेट होऊन वर चढतं. त्याची प्रथिनं व्हायला पानाला ऊन लागतं. ढगाळ दिवस, कडक थंडी, पाण्याचा ताण, यांत ते काम रेंगाळतं आणि नायट्रेट साचतं, जास्त करून बुडख्याच्या दांड्यात. हेच साचलेलं नायट्रेट जनावराला विष ठरतं. गंमत म्हणजे तपासणीत असा चारा भारी ठरतो, कारण एकूण नत्राला 6.25 ने गुणूनच प्रथिनं काढतात.

एकरी 40 किलोच्या आसपास नत्र धरा, म्हणजे युरियाची 45 किलोची दोन पोती. निम्मं पेरणीला, उरलेलं दोन हप्त्यांत: महिन्यानं एकदा, पहिल्या कापणीनंतर एकदा. पेरताना डीएपीचं पोतं टाकलं असेल तर त्यातच 9 किलो नत्र आलं. तेवढा, साधारण 20 किलो, युरिया वजा करा. हे बहुतेक जण विसरतात.

पहिली कापणी 50-55 दिवसांनी, म्हणजे आधीच्या हप्त्याला तीन आठवडे होतात. चार बोटं बुडखा ठेवा. फूटही चांगली येते. युरिया उघडा ठेवू नका, आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो अमोनिया होऊन उडतो. लाइन रात्रीची असेल तर संध्याकाळी फेकून रात्री ओलीत करा. पुढची कापणी 35-40 दिवसांनी.

आभाळ आलं असेल तर तीन-चार दिवस ऊन पडू द्या, मग कापा. उपाशी ढोराला नुसता ओट नको, कुटार किंवा कडबा मिसळा. कोवळ्या ज्वारीचं विष वाळवलं की बरंच उतरतं, नायट्रेट वाळवून जात नाही.

जनावर धापा टाकतंय, थरथरतंय, हिरड्या तपकिरी-निळसर पडल्यात असं दिसलं तर आधी चारा काढा, त्याला पळवू नका आणि पशुवैद्यकाला बोलवा. ओटाला युरिया कधी दिला तेही सांगा. त्यावर मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन असतं, पण ते त्यांनीच द्यायचं.