गेममास्टर आहात? शैली कोणतीही असो, या चुका टाळा

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात टेबलाभोवती बसून प्रत्येक जण एकेक पात्र खेळवतो, आणि गेममास्टर बाकीचं जग आणि शत्रू चालवतो. या गेममास्टरची अमुकच शैली बरोबर, असं काही नाही. कुणी साहस आखून आणतो, कुणी नकाशा पसरून ‘जा हवं तिकडे’ म्हणतो, कुणी फक्त पंच म्हणून बसतो. तिन्ही चालतात. पण एक शैली कबूल करून दुसरी चालवली, की खेळाडू वैतागतात. पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात.

‘खेळाडू माझ्या कथेवर येतच नाहीत’

आखीव साहसाला सरसकट रेलरोडिंग, म्हणजे खेळाडूंना एकाच रुळावरून ढकलणं, म्हणायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. आज किल्ल्यावरच जायचंय हे आधी ठरलं असेल, तर खेळाडू आनंदाने जातात. निवड दिल्याचा आव आणून मग ती हाणून पाडणं, हे खरं रेलरोडिंग. डावा बोगदा घ्या की उजवा, राक्षस तोच. खलनायकाला पहिल्याच भेटीत बाण लागला, तर तो अचानक गायब!

कथानक लिहू नका, परिस्थिती लिहा. खलनायकाला काय हवंय, त्याच्या हाताशी माणसं किती, आणि कुणी आडवं आलं नाही तर तो पुढच्या आठवड्यात काय करेल, एवढी तयारी पुरते. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने तर पुढे काय घडतं ते पाहण्यासाठी खेळायचं, हे गेममास्टरच्या नियमांतच लिहून टाकलं.

‘सगळं मोकळं सोडलं, तर कुणी हलतच नाही’

सॅण्डबॉक्सची, म्हणजे ‘जा हवं तिकडे’ म्हणणाऱ्या खेळाची, ही नेहमीची तक्रार. ‘तुम्ही काय करता?’ विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. दोष बहुधा खेळाडूंचा नसतो, निवडायला लागणारी माहितीच त्यांच्याकडे नसते. सुरुवातीलाच तीन अफवा द्या. त्यातली एक कुणाच्या तरी पात्राशी जोडलेली असू द्या, दुसरीला मुदत घाला. सेशन, म्हणजे खेळाची एक बैठक, संपताना पुढच्या वेळी कुठे जाणार ते विचारून घ्या आणि तेवढंच तयार करा.

फासे नको तिथे टाकायला लावणं

सगळ्यात जास्त खेळ इथे अडकतात. खुनाचा एकमेव पुरावा टेबलाच्या खणात आहे, तो शोधायला फासा टाकला, आकडा कमी पडला, तपास ठप्प. खेळ रचणाऱ्या रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ या नियमपद्धतीत यावर सरळ तोड आहे: योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी शोधतंय, तर मुख्य धागा मिळतोच. तुमच्या खेळात तसा नियम नसला तरी एकाच निष्कर्षाकडे नेणारे तीन धागे पेरून ठेवा. एक खेळाडूंच्या नजरेतून सुटतो, एकाचा ते भलताच अर्थ लावतात.

दुसरी गफलत गणिताची. पाच जण दबकत चाललेत, प्रत्येकाला यशाची शक्यता ७० टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण पाचही जण यशस्वी व्हायलाच हवेत असं धरलंत, तर ती शक्यता जेमतेम १७ टक्के उरते. मग ‘आमचं लपणं कधी जमतच नाही’ म्हणून गट थेट दार फोडायला लागतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतल्या सामूहिक चाचणीत किमान निम्म्या जणांना जमलं की गटाला जमलं. म्हणजे इथे पाचांपैकी तिघांना जमलं तरी चालतं, आणि शक्यता साधारण ८४ टक्क्यांवर जाते.

हरलं तर काय होईल, हे सांगता येत नसेल तर फासा मागूच नका.

पडद्याआड आकडा बदलणं

गेममास्टरने पडद्यामागे फासा टाकून आलेला आकडा गुपचूप बदलावा का, यावर गेममास्टरांमध्ये जुना वाद आहे. माझं मत: टाळा. धोका खरा आहे असं सांगून बसवलेल्या टेबलावर एकदा का खेळाडूंना संशय आला, की त्यांचे जिंकलेले डावही फिके पडतात. पात्र मरायला नको असेल तर फासा टाकण्याआधी तसं ठरवा. शत्रू कैद करतील, लुटतील, खंडणी मागतील. मोठ्या लढाईत फासे सगळ्यांसमोर टाका, म्हणजे मोहच होत नाही.

न बोलता गृहीत धरणं

पात्रं मरू शकतात का? विनोद किती चालेल? कोणते विषय नकोत? हे सेशन झिरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीत, विचारा. कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या खेळाच्या, मध्येच रंग बदलायचा असेल, समजा दरबारी कारस्थानांतून भयकथेकडे, तर तेही आधी सांगा. कुणी सतत दुसऱ्यांचं बोलणं तोडत असेल, तर त्याच्या पात्रावर वीज पाडून हिशेब चुकता करू नका. सेशन संपल्यावर त्याला बाजूला घेऊन बोला, आणि पुढच्या वेळी प्रत्येक दृश्यात गप्प बसणाऱ्याला आधी विचारा.